निवटीचा पहिला नंबर

"खाडीतल्या निवटी माशावर जगात एकपण वेबसाइट नाय. कॉम्पिटिशन झीरो!" १९९९ साली डोंबिवलीच्या सायबर कॅफेत धाकू ओरडला. कॅफेवाल्या शीलाकडून त्याने लगेच साइट बनवून घेतली, आणि सर्चमध्ये तो खरंच पहिला आला. त्या खुशीत कोपरला चुलतभावाच्या हळदीत त्याने माइक घेतला आणि काय टाइप करायचं, कुठे बघायचं, साइट कोण बनवून देतं, सगळं सांगून टाकलं.

पुढच्या महिन्यात बघतो तर हा दुसऱ्या पानावर. पहिल्या पानावर हळदीतल्या पाहुण्यांच्या साइट, आणि एक नंबरला त्याची आई, खाडीत निवट्या पकडून विकणारी जनाबाई.

"आये, तू पण?"

"चिखलान उतरतंय मी, न पयला नंबर तुजा?"

तेवढ्यात कल्याणच्या एका हॉटेलातून निवट्यांची पहिली ऑर्डर आली. आईला.