निरोप्या

पुलाची दोन टोकं समोरासमोर आली आणि वीतभरानं चुकली.

खाणीतलं खनिज सरकत्या पट्ट्यावरून पलीकडे न्यायचं, त्यासाठी हा पोलादी पूल. अलीकडची बाजू थोरल्या भावाची, पलीकडची धाकट्याची. वडील गेल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. एकच पूल बांधायला घेऊनही नव्हतं. बोलायचं काम बहिणीच्या नवऱ्याकडे होतं.

भाऊजींना दुसरं काही येत नव्हतं, आणि तशी गरजही पडली नव्हती. याचा निरोप त्याला, त्याचा याला. त्यासाठी त्यांना जीप होती, साइटवरची पंखा असलेली एकुलती एक खोली होती. चहा अलीकडे, जेवण पलीकडे. “भाऊजी नसते तर या दोघांनी एकमेकांची डोकी फोडली असती,” असं दोन्ही घरांत बोललं जाई. भाऊजी विनयानं मान खाली घालत आणि आणखी वाढून घेत.

धाकट्याचा शेवटचा सांगाडा क्रेनला लटकत होता. “वारा वाढतोय,” क्रेनवाला म्हणाला, “काय करायचं ते लवकर सांगा.”

“मी बोलतो त्याच्याशी,” म्हणत भाऊजी सवयीनं जीपकडे निघाले. पण थोरला थांबला नाही. कमरेला पट्टा आवळून स्वतःच पुलावर चढला. समोरून धाकटाही आला. धाकट्याच्या छातीवरच्या वॉकीटॉकीचं बटण दाबलेलंच राहिलं होतं. खाली सगळी साइट ऐकू लागली.

“नवे डंपर खालून जायचेत, पूल वीतभर वर घे, असा निरोप दिला होता मी,” थोरला म्हणाला. “आणि वर सांभाळून चढ म्हणून.”

“मला सांगितलं, दादा म्हणतो, तुला पोलादातलं काय कळतंय.”

धाकटा आणखी एक पाऊल पुढे आला.

“आई आजारी होती तेव्हा मी विचारलं होतं, येऊ का म्हणून,” धाकटा म्हणाला.

“मला कळलं, तुला सवड नाही.”

भाऊजींनी घाईनं आपला सेट बंद केला. पण शेजारी मुकादमाचा चालू होता. क्रेनवाल्याचाही.

“सांगाडा खाली उतरव,” थोरल्यानं क्रेनवाल्याला सांगितलं. मग धाकट्याकडे वळून म्हणाला, “उद्या तुझी बाजू वर घेऊ. माझी माणसं लाव.”

धाकट्यानं मान हलवली. मग दोघांनी एकदमच खाली पाहिलं.

“भाऊजी,” दोघं एका सुरात म्हणाले, “जरा वर या.”

वडील गेल्यापासून दोघांचं हे पहिलंच एकमत होतं, आणि पोचवायला मधे कुणी लागलं नव्हतं.