ओरखड्याच्या पुढे

चीर शोधायला साच्यावर मारलेल्या पांढऱ्या फवाऱ्यावर लाल रेघ उमटली आणि भट्टीवाला खाली वाकला. सोमवारी चीर जिथे संपत होती, तिथे त्याने सुईने बारीक ओरखडा काढून ठेवला होता. आज शुक्रवार. रेघ ओरखडा ओलांडून चांगली नखभर पुढे गेली होती.

सकाळची पाळी सुरू व्हायची होती. चार नंबरच्या मशीनमधला हा साचा अजून गार होता. थोड्याच वेळात त्यात वितळलेलं ॲल्युमिनियम दाबाने घुसणार, आणि हातभर अंतरावर त्याची बायको उभी राहणार. पलीकडे सात नंबरवर तिची धाकटी बहीण. तिकडे मात्र तो सोमवारपासून फिरकलाच नव्हता.

"केसाएवढी तर आहे!" सुपरवायझर म्हणाला. "आजचा माल जाऊ दे, मग काढू. तूच म्हणाला होतास ना, माझं पोलाद म्हणजे वज्र?"

म्हणाला होता खरा. कानससुद्धा घसरते, अशी बढाई मारत शेडभर फिरला होता. पण नुसतं कडक पोलाद काय चाटायचंय? लालभडक साच्याला पाणी दिल्यावर तो पुन्हा दोनदा तापवून निववायचा, तेव्हा कुठे त्यात चिवटपणा येतो. नाहीतर ती काचच. दुसऱ्यांदा तापवायचं त्याने टाळलं होतं आणि कागदावर मात्र दोन्ही रकान्यांत सही ठोकली होती. आता बोलावं तर नोकरी जाणार. न बोलावं तर... पुढचा विचारच त्याला करवेना.

बायको हातमोजे चढवत आली. "काय हो, चेहरा असा पांढराफटक का? भूत बघितलंत की काय?"

तिचा हात हिरव्या बटणाकडे गेला.

"थांब!" तो ओरडलाच. "हात लावू नकोस त्याला! फुटेल तो. मी दुसऱ्यांदा तापवलाच नाही. खोटी सही केली."

बायकोने मोजे काढले, एकात एक घातले.

"कधी?" तिने विचारलं.

"तू तापाने फणफणली होतीस ना, तेव्हा. भट्टी बंद करून लवकर घरी आलो होतो बघ."

तिला आठवलं. रात्रभर तो उशाशी बसून होता. तिचे डोळे क्षणभर निवळले, आणि मग एकदम मोठे झाले.

"अहो, त्या दिवशी भट्टीत एकच साचा होता ना?"

"दोन," तो म्हणाला.

शेडच्या दुसऱ्या टोकाला सात नंबरचा साचा धाडकन मिटला.