टर्बो गाडीला कुठलं ऑइल?

“ही गाडी पेट्रोलवर चालते की डिझेलवर?”

पोर्चमध्ये किल्ली हातात घेऊन उभ्या असलेल्या गृहस्थांनी अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं. प्रोफेसर गालातल्या गालात हसला. असले फसवे प्रश्न तो चांगले ओळखून होता.

“साहेब, परीक्षा घेताय गरिबाची!” तो म्हणाला आणि त्याने टाकीचं झाकण उघडून दाखवलं. “हे बघा, आतल्या बाजूला लिहिलेलं असतं. पेट्रोल. तेसुद्धा जास्त ऑक्टेनचं. हलकं भरलंत तर चढावर इंजिन आतून टकटक करायला लागेल.”

प्रोफेसर म्हणजे खराखुरा प्राध्यापक नव्हे. तो ड्रायव्हर होता. गाडीबद्दल कुणी एक विचारलं की हा दहा सांगायचा, म्हणून स्टँडवरच्या मंडळींनी हे नाव ठेवलं होतं. जुने मालक मुलाकडे कायमचे राहायला गेले आणि तेव्हापासून तो घरी बसला होता. नवरा घरी बसला की काय काय होतं, ते त्याची बायको शेजारणीला भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची. सासरे तर त्याला जावईबापू म्हणायचंही विसरले होते. फोनवर फक्त ‘आहेत का घरीच?’ एवढं विचारायचे. ही नोकरी हुकली तर सोमवारपासून सासऱ्यांच्या कापड दुकानात मीटरपट्टी घेऊन उभं राहायचं, असं घरात ठरलंही होतं.

डॉक्टरबाईंनी नवी टर्बो गाडी घेतलीय आणि त्यांना जाणकार ड्रायव्हर हवाय, ही बातमी मेव्हण्याने आणली होती. ‘भल्या सकाळी जा’ असंही बजावलं होतं. पण वाटेत एक जण स्कूटरमध्ये भलतंच ऑइल ओतत होता. त्याला तसं ओतू देणं प्रोफेसरच्या रक्तातच नव्हतं. त्याला समजावता समजावता ऊन वर आलं.

“आणि ऑइल?” गृहस्थांनी विचारलं. “म्हणजे, तुम्ही स्वतः कुठलं घालाल?”

आता मात्र प्रोफेसरला चेव आला.

“साहेब, टर्बो एवढ्या जोरात फिरतो आणि एवढा तापतो, की साधं ऑइल त्यात जळून त्याची काजळी होते. ती नळीत बसली की ऑइल पोचत नाही. टर्बो कोरडा फिरतो आणि कामातून जातो. म्हणून फुल सिंथेटिकच घालायचं. ग्रेड कंपनीच्या पुस्तकात असेल तीच. या गाडीला फाइव्ह डब्ल्यू थर्टी. दुकानदार म्हणेल, थोडं जाड घ्या, जास्त टिकेल. त्याला हात जोडायचे आणि पुढचं दुकान गाठायचं.”

“फाइव्ह डब्ल्यू थर्टी,” गृहस्थ पुटपुटले. “पुन्हा एकदा सांगा. सावकाश.”

प्रोफेसरने पुन्हा सांगितलं. इतकं मन लावून ऐकणारा माणूस त्याला जन्मात भेटला नव्हता. बायको तर ‘टर्बो’ या शब्दालाच उठून स्वयंपाकघरात जायची. असा मालक मिळायला नशीब लागतं, असं त्याला मनापासून वाटलं. शिवाय माणूस टापटिपीचा. अंगात कोरा पांढरा शर्ट होता, घडीसुद्धा मोडली नव्हती.

“ते पुस्तक गाडीत कुठे असतं, सांगा बघू.”

प्रोफेसरने डाव्या सीटसमोरचा कप्पा उघडून पुस्तक काढून दिलं.

“बॉनेट उघडा बघू.”

स्टिअरिंगखालचा खटका कुठे असतो, तो कसा ओढायचा, मग पुढून बोट घालून दुसरी कडी कशी सोडवायची, सगळं त्याने करून दाखवलं. गृहस्थ वाकून वाकून पाहत होते. मध्येच ते मान वर करून गॅलरीच्या बंद दाराकडे बघायचे आणि आवाज खाली आणायचे. बाईंना हेही टरकून आहेत, हे ओळखून प्रोफेसरला त्यांच्याविषयी आपुलकीच वाटली.

“लांबून आल्यावर गाडी लगेच बंद करायची का?”

“छे छे! मिनिटभर तशीच चालू ठेवायची. टर्बोला दम खाऊ द्यायचा. आणि ऑइल किती आहे ते बघायचं असेल तर गाडी सपाट जागी हवी, बंद करून थोडा वेळ गेलेला हवा.” त्याने ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली, पुसली, पुन्हा बुडवून वर धरली. “या दोन खुणांच्या मध्ये. कमी नको, तसं जास्तही नको.”

गृहस्थांनी सुटकेचा श्वास सोडला. “वा! तुम्ही देवासारखे आलात.”

प्रोफेसरला भरून आलं. धीर करून त्याने विचारलं, “मग साहेब, आमचं जमलं म्हणायचं का?”

“माझ्या हातात असतं तर तुम्हाला जन्मभर जवळ ठेवलं असतं,” गृहस्थ अगदी कळवळून म्हणाले. “पण शेवटी बाई म्हणतील ते.”

तेवढ्यात गॅलरीचं दार उघडलं आणि डॉक्टरबाईंचा खणखणीत आवाज आला, “ड्रायव्हर!”

प्रोफेसरची छाती फुगली. झालं, ठरलं! सासऱ्यांचं दुकान, ती मीटरपट्टी, शेजारणीसमोरचा उद्धार, सगळं एका हाकेत संपलं. हातातली पट्टी तशीच धरून तो धावत गॅलरीखाली गेला.

“आलो बाईसाहेब!”

“तुम्ही कोण?” डॉक्टरबाईंनी चष्मा सारखा केला आणि त्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. “मी त्या पांढऱ्या शर्टवाल्यांना हाक मारली. काय हो, सकाळी कामावर घेतलं तेव्हा ‘टर्बो गाड्यांतच आयुष्य गेलं’ म्हणालात ना, मग या वर आणि सांगा बघू, ऑइल कुठलं घालायचं?”