चढाच्या टोकावर

रोलर कोस्टरची चाकं-ब्रेक तपासणारी ती आणि खालच्या केबिनमध्ये बसून गाडी चालू-बंद करणारा तिचा नवरा. दोघांत चार दिवस कडकडीत अबोला! "जगाची यंत्रं दुरुस्त करते, घरचा मिक्सर मात्र महिनाभर बंद," असं तो तिच्या भावासमोर बोलला होता. आता जो आधी तोंड उघडेल तो हरला.

सकाळची तपासणीची फेरी नेहमीसारखी तिनेच मारायची. रिकाम्या गाडीत ती एकटीच पुढे बसली. गाडी खडखडत चढ चढली आणि टोकावर, आता आभाळाला नाक लागणार म्हणताना, गचकन थांबली.

वॉकीटॉकी खरखरली. वर अडकलेल्या माणसाशी केबिनवाल्याने सुटका होईपर्यंत बोलत राहायचं, हा पार्कचा नियमच होता.

"घाबरू नका," नवरा कार्डावरचं वाचू लागला. "जागेवरून उठू नका. आम्ही तुमच्यासोबत आहोत." कार्ड संपलं. त्याने घसा खाकरला. "अगं... चुकलंच माझं. मिक्सरचं बोलायला नको होतं मी. वारं लागतंय का गं फार?"

तिने सवयीने सगळं तपासलं. साखळी ठणठणीत, ब्रेक ठणठणीत. फक्त समोरचा लाल दिवा लागला होता, आणि तो केबिनमधलं बटण कुणी हाताने दाबलं तरच लागतो.

तिने कसंबसं हसू दाबलं.


"अहो, बिघाड फारच मोठा दिसतोय. अर्धा तास तरी जाईल. तुम्ही बोलत राहा!"