थोरल्या जावेचा ब्रिज

फोटो अडकले आणि थोरल्या जावेच्या पोटात गुदगुल्या झाल्या.

वर्तमानपत्राच्या कचेरीत साहेब संगणकाच्या पडद्यासमोर ताटकळत उभे होते, शेजारी थोरली. वरच्या मजल्यावरच्या फोटो विभागातून, म्हणजे धाकट्या जावेच्या राज्यातून, उद्याच्या पानाचे फोटो खाली छपाईला यायचे होते. "पोचलं का?" असे निरोप झटकन येत होते. फोटो मात्र एकही येईना.

प्रत्येक मजल्यावर संगणकांची एक रिंग होती. तिच्यात पाळी ठरवणारं टोकन फिरायचं. ज्याच्या हाती टोकन, त्यानं आपलं पॅकेट, म्हणजे माहितीचं गाठोडं, सोडायचं. दोन रिंगा जोडणारा ब्रिज थोरलीनं बसवला होता आणि त्याचा पासवर्ड तिच्याचकडे होता. आज सकाळी तिनं त्यातला एकच आकडा बदलला. जिथं साडेचार हजार बाइटांपर्यंतची पॅकेटं पार व्हायची, तिथं पंधराशेची मर्यादा घातली. लहानसहान निरोप सुखरूप पोचणार. फोटोंची लठ्ठ पॅकेटं ब्रिज गुपचूप टाकून देणार. बोंब धाकटीच्या नावानं होणार.

करणार काय! मागून आली आणि तिखट झाली. घरी सासूबाई म्हणायच्या, "धाकटीला कसं सगळं पटापट जमतं!" थोरलीचा स्वतःचा नवरासुद्धा संगणक बिघडला की भावजयीला हाक मारायचा, घरात बायको असताना! ऐकून थोरलीचा नुसता जळफळाट व्हायचा. आता कचेरीत नेटवर्कचा प्रमुख नेमायचा होता आणि नावं दोघींचीच होती. ही प्रमुख झाली, तर घरीदारी हिचाच उदोउदो. मी काय टाळ्या वाजवत बसू?

धाकटी धापा टाकत खाली आली. छपाई विभागाच्या संगणकापुढे बसून ती वरच्या मजल्याकडे पॅकेटं सोडू लागली, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडं मोठं. हजाराचं गेलं. पंधराशेचं गेलं. त्याच्या वरचं एकही जाईना. थोरली हळूच मागे सरकली.

धाकटीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग साहेबांना म्हणाली, "माझ्याच मशीनचा काहीतरी घोळ दिसतोय. तुम्ही चहा घेऊन या ना, तोवर बघते."

साहेब गेले. आता ही आपली चांगली खरडपट्टी काढणार, हे थोरलीनं ओळखलं. तिनंही पदर खोचला. धाकटीनं खुर्ची जवळ ओढली.

"जाऊबाई, आकडा परत वाढवा. लवकर."

"कसला आकडा? उगाच माझ्यावर काही ढकलू नकोस हं!"

"भांडायला वेळ नाहीये. आज परीक्षा माझी नाही, तुमच्या ब्रिजची आहे. फोटो आले नाहीत तर साहेब प्रमुख म्हणून बाहेरचा माणूस आणणार आहेत."

"आणि आले तर? तू प्रमुख!"

"तुम्ही. मी कालच माझं नाव मागे घेतलंय. मी प्रमुख झाले असते, तर तुम्ही घरी वर्षभर माझ्याशी बोलला नसतात. त्यापेक्षा इथं तुमची बोलणी खाईन, पण घरात दोन घास सुखानं जेवीन."