आईच्या माहेरची रीत

आई गेल्यावरच्या पहिल्या रविवारी बाबा सवयीने भांडी घासायला उभे राहिले. रविवारी घरातल्या बाईने भांड्यांना हात लावायचा नाही, ही आईच्या माहेरची रीत.

मावशी जेवून अजून टेबलाशीच बसली होती. "भावजी, तुम्ही कशाला?"

"तुमच्याच घरची रीत. चाळीस वर्षं पाळतोय."

"आमच्या घरची? आमच्याकडे पुरुषांनी स्वतःचं ताटही कधी..."

मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. आईची एवढी एक लबाडी तरी शाबूत राहावी.

"हो हो," मावशी सावरली, "फार जुनी रीत."

बाबांनी मागे न बघताच पातेलं विसळलं.

"तिचा पाय सोड. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तुझे आईकडचे आजोबा आले होते. मला भांडी घासताना बघून म्हणाले, 'ही तुमच्याकडची रीत का?' मी हो म्हणालो."