स्वल्प

पायाचं ऑपरेशन झालं त्या दिवशी बसवनगुडीच्या हंबीररावांनी चादर दातांत धरली होती. कावेरी नर्स उकळलेली सिरिंज घेऊन आली, तसे ते कानडी वळणानं म्हणाले, "स्वल्पच दुखतंय, पोरी. हे नको. अफूचंच ना ते?"

"अफूचंच, अण्णा."

ती खोटं बोलेल असं त्यांना वाटलं होतं. "माझा थोरला भाऊ अफूनं गेला."

"त्यांना देणारे होते, थांबवणारं कुणी नव्हतं. मी थांबवीन." तिनं त्यांचा श्वास नीट पाहिला आणि मगच सुई टोचली.

दुखणं उतरत गेलं तसं इंजेक्शनही बंद झालं. टाके निघाल्यावर एकदा व्हरांड्यात फेऱ्या मारून हंबीरराव खाटेवर टेकले आणि कण्हू लागले. "फार दुखतंय, पोरी. ते इंजेक्शन दे की."

कावेरीनं जखमेभोवती दाबून पाहिलं. त्यांची पापणीही हलली नाही.

"खरं दुखत होतं तेव्हा तुम्ही 'स्वल्प' म्हणाला होतात, अण्णा."

हंबीररावांनी कण्हणं थांबवलं. मग नातीच्या वयाच्या त्या मुलीला म्हणाले, "नको तर नको. सरी, तू म्हणशील तसं, अक्का."